अर्धी गोळी

“मास्तरीणबाई, उजव्या बाह्यांचा गठ्ठा कुठंय?”

शिवणाच्या रांगेतून हाक आली. कटिंगच्या लांब टेबलाशी उभ्या असलेल्या कापणाऱ्या मास्तरणीने टेबलाखाली पाहिलं, मागे पाहिलं, शेवटी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. गठ्ठे पुष्कळ होते. सगळे डाव्या बाह्यांचे.

कापड अंथरायच्या दोन तऱ्हा. एक थर सुलट, त्यावरचा उलटा, असं तोंडाला तोंड लावून अंथरलं, की बाहीचा एकच आकार कापला तरी डाव्या-उजव्याची जोडी आपसूक निघते. सगळे थर सुलटच अंथरले, तर मात्र वरच्या कागदावर दोन्ही बाह्या आखाव्या लागतात. मास्तरणीने अंथरलं सगळं सुलट आणि कागद ठेवला पहिल्या तऱ्हेचा, एकाच बाहीचा. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचे कोट होते ते. कापडाला बाहेरून तिरकी वीण, आतून सपाट. उलटून खपवायची सोय नव्हती.

“आता गिऱ्हाइकाला कळवू,” टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले काका म्हणाले, “की कृपा करून दोन्ही हात डावे असलेलीच माणसं कामाला ठेवा.”

काका म्हणजे कुणाचेच काका नव्हते. थर अंथरायला दोन टोकांना दोन माणसं लागतात, त्यातलं दुसरं टोक म्हणजे काका. एरवी त्यांच्या अशा वाक्यावर सगळा कारखाना हसायचा. आज मालक मागे येऊन उभे होते.

“हात तुमचा सोन्याचा आहे हो,” मालक म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “पण डोकं कुठं असतं तेवढं सांगा. पुन्हा असं झालं तर टेबल सोडायचं. बटणं लावायला बसा, नाहीतर घरी बसा.”

तिला टेबल सोडायचं नव्हतं. टेबलाचा मान होता म्हणून नव्हे. लहानपणी आई तिला भिरभिरं म्हणायची, आणि ते भिरभिरं चाळिशी उलटली तरी थांबलं नव्हतं. दूध उतू गेल्यावर गॅस आठवायचा. किल्ली फ्रिजमध्ये सापडायची. दादा-वहिनीच्या घरातल्या तिच्या मागच्या खोलीत अर्धं विणलेलं स्वेटर, अर्धं वाचलेलं पुस्तक आणि अर्धी रंगवलेली भिंत अशी तिघं सुखाने नांदत होती. फक्त उभ्या पात्याचं ते कापायचं यंत्र हातात घरघरायला लागलं, तारेचा हातमोजा चढवला, की डोकं गप्प बसायचं. बोट आणि पातं यांच्यात तसूभर अंतर असताना भिरभिरायची हिंमत त्यालाही नव्हती. घोटाळा व्हायचा तो आधी. अंथरताना, कागद निवडताना, सगळं शांत असताना.

त्या संध्याकाळी घरी तिने बाह्यांची गोष्ट सांगितली. दादा म्हणाला, “लक्ष नको द्यायला?” वहिनी म्हणाली, “मन लावून केलं की होतं सगळं.” भाची मात्र ताट ढकलून म्हणाली, “आत्या, तू माझ्या डॉक्टरीणबाईंकडे चल. मी गंमत करत नाहीये.”

भाची कॉलेजात होती. वर्षभरापूर्वी तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार, असल्याचं निघालं होतं, आणि रोज सकाळी एक गोळी घेऊन ती तासाला बसत होती. चक्क बसत होती.

डॉक्टरीणबाईंनी खूप विचारलं. झोप, शाळा, भांडणं, हरवलेल्या वस्तू. दुसऱ्या भेटीला दादालाही बोलावून घेतलं. दादाने अभिमानाने सांगितलं की ही दप्तर शाळेत विसरायची आणि शाळा रस्त्यात विसरायची.

“म्हणजे मला आहे?” मास्तरणीने विचारलं.

“आहे. लहानपणापासून आहे.”

तिला रडू आलं, आणि त्याच श्वासात घाई झाली. “मग द्या गोळी. भाचीला देता तीच. रक्त एकच आमचं.”

“भाचीच्या मापावर तुम्ही स्वतःचा कोट कापाल?”

“नाही कापणार. पण कोट तरी द्याल की नाही?”

डॉक्टरीणबाई हसल्या. मग खुर्ची जवळ ओढून सावकाश बोलल्या. “दोन वाटा आहेत. एक उत्तेजक औषधांची. त्यात काही थोडे तास टिकतात, काही दिवसभर हळूहळू सुटतात. बऱ्याच जणांना चांगली लागू पडतात. पण नाडी आणि रक्तदाब वाढवू शकतात, भूक-झोप उडवू शकतात. शिवाय लोक त्यांचा गैरवापर करतात, म्हणून कायद्याचा पहारा आहे. चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, एकाची दुसऱ्याला द्यायची नाहीत. दुसरी वाट उत्तेजक नसलेल्या औषधांची. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि रक्तदाबावर तिथंही डोळा ठेवावा लागतो. तुमचा रक्तदाब दोन्ही भेटींत चढलेला आहे. आधी तो खाली आणू, हृदयाचा आलेख काढू. मग वाट ठरवू.”

“आणि तोवर?”

“तोवर झोप सांभाळा. कामावर कुणाला तरी दुसरी नजर ठेवायला सांगा.”

“म्हणजे सगळ्यांना सांगू, माझं डोकं ठिकाणावर नसतं म्हणून? ते मालकांना आधीच माहितीये.”

ती रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडली. एका आजाराचं नाव कळलं होतं आणि औषध दुसऱ्याच आजाराचं मिळालं होतं. कारखान्यात कोटांचा नवा माल येऊन पडला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये तिने रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या आणि सहज आठवल्यासारखं करून भाचीच्या गोळीचं नाव घेतलं. “आणि ती एक पट्टी द्या.”

मेडिकलवाल्याने वर पाहिलं. “चिठ्ठी?”

“घरी राहिली.”

“मग गोळीही इथंच राहील.”

“अहो, ओळखता ना मला? तुमच्या मुलाचा शर्ट मी कापलाय.”

“चांगला बसलाय त्याला. पण ताई, ही गोळी ओळखीवर देत नाहीत. मी दिली तर माझं दुकान जाईल, आणि तुम्हाला काही झालं तर ते वेगळंच.” मग आवाज उतरवून म्हणाला, “मोबाइलवर मागवायच्याही भानगडीत पडू नका. पाकिटावर एक लिहिलेलं असतं, आत काय भरतात देव जाणे.”

तिने मोबाइलवर पाहून ठेवलंच होतं. ते पान तिने दुकानाच्या पायरीवरच बंद केलं.

नवा माल अंथरायच्या सकाळी तिने चहात दोनदा साखर घातली. भाची दारात आली. “आत्या, माझ्यातली एक घे. आज मला सुट्टी आहे, मला नको.”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या—”

“त्या मोठ्या माणसांसारखंच बोलणार. तू टेबलाचं बघ.”

मास्तरणीने गोळी तळहातावर घेतली. वय जास्त, रक्तदाब चढलेला. पुरी घेणं बरं नव्हे. ती अविचारी नव्हती, लोक समजतात तशी तर मुळीच नव्हती. तिने धागे कापायची लहान कात्री घेतली, गोळी चिमटीत धरली आणि बरोबर मधोमध कापली. दोन्ही अर्धकं तंतोतंत सारखी. कापण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. एक अर्धक गिळलं, दुसरं कागदात गुंडाळून ठेवलं.

“बघ, अर्धीच,” ती भाचीला म्हणाली. “जपूनच करतेय मी.”

थर अंथरताना आधी खरोखर चमत्कार झाला. काका टोकाला धरून म्हणाले, “सुलट,” ती म्हणाली, “उलट,” आणि मधे दुसरं काहीच नव्हतं. कोपऱ्यातला रेडिओ नाही, वहिनीचं बोलणं नाही. कागद निवडला, तपासला, पुन्हा तपासला. बाकीचे लोक असे जगतात? सगळेच? इतकी वर्षं? तिला त्यांचा हेवा वाटला आणि रागही आला.

मग यंत्र हातात घेतलं, आणि घरघर यंत्रातून येतेय की छातीतून ते कळेना. तोंडाला कोरड पडली. हातमोज्यातला हात ओला झाला. पातं कोटाच्या पाठीच्या रेषेवर सुरेख चाललं होतं आणि त्याच्यामागे तिचं काळीज पायऱ्यांवरून गडगडत होतं. थांबावं तर मालक काचेआडून बघतायत. चालू ठेवावं तर बोटं पात्याशी आहेत. टेबलाच्या कडेत आणि यंत्रात ती अशी अडकली की ना पुढे, ना मागे.

तिने बटण बंद केलं. पातं कापडातच उभं राहिलं.

“काय झालं?” काका म्हणाले. “रेषा हरवली?”

“काका, मला दवाखान्यात न्या. आणि ते यंत्र कुणाला हलवू देऊ नका.”

काकांनी पहिल्यांदाच विनोद केला नाही. कारखान्याच्या टेम्पोतून ते तिला घेऊन निघाले.

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, दंडाला पट्टा बांधला, आकड्याकडे पाहून कपाळाला आठी घातली. “आज काही घेतलंत?”

मास्तरीण छताकडे पाहत राहिली. हो म्हणावं तर भाचीचं नाव येणार, तिची गोळी बंद होणार, आणि आपल्याला तर आता ही बाई कधीच काही देणार नाही. नाही म्हणावं, तर...

“हे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काही घेतलं नसेल, तर तुमच्या हृदयात अचानक काय बिघडलं ते मला शोधावं लागेल. घेतलं असेल, तर काम वेगळं आहे. चुकीच्या दाराने आत शिरले तर वेळ तुमचा जाईल.”

पडद्यापलीकडे काका खाकरले. “मास्तरीणबाई, सांगा हो.”

“भाचीची गोळी,” ती म्हणाली. “पण अर्धीच. कापून घेतली.”

“कापून? कशाने?”

“कात्रीने. अगदी सारखी कापली.”

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. “ती दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी आहे. तिचं वरचं कवच तिला आवरून धरतं. ते कापलं, की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरायला लागतं. अख्खीही घ्यायला नकोच होती. पण तुम्हाला वाटलं तशी ही अर्धी नव्हती.”

म्हणजे घोटाळा तिने जिथे जपून हात चालवला तिथेच झाला होता. लक्ष देऊन. मन लावून. वहिनी म्हणते तसं.

छातीला तारा चिकटवून तिला संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं. उठायचं नाही, कुशीवर वळायचं तर सांगून वळायचं. शेजारचं यंत्र टिकटिक करत तिची चुगली सांगत होतं. दुपारी भाची आली, डोळे लाल करून.

“माझं बंद करणार का?” तिने आधी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं.

“बंद नाही करणार. पण या गोळ्या तुझ्या नावावर आहेत. दुसऱ्याला देणं हा गुन्हा आहे, आत्याला दिली तरी. पुन्हा झालं तर मला तुझ्या उपचारांचा वेगळा विचार करावा लागेल. उरलेलं अर्धक कुठंय?”

“माझ्या पर्समध्ये,” मास्तरीण म्हणाली.

“ते मेडिकलवाल्याकडे परत जाईल. आणि तुम्ही उद्यापासून ठरल्याप्रमाणे फक्त रक्तदाबाचं औषध. तो आवरला आणि आलेख नीट आला, तर त्या दुसऱ्या वाटेच्या औषधाने अगदी लहान मात्रेवर सुरुवात करू. उत्तेजकाचं पुढे बघू. शक्य आहे, पण आज वचन देणार नाही.”

“म्हणजे मी अजून कितीतरी दिवस अशीच.”

“हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निदान खोटं तरी बोलल्या नाहीत.

मालकांना तिने स्वतः सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, गोळीचंही सांगितलं. मालकांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुम्ही पात्याशी असताना चक्कर आली असती तर?”

“म्हणून तर थांबवलं.”

“पातं सध्या दुसऱ्याच्या हाती,” ते म्हणाले. “डॉक्टर लिहून देईपर्यंत तुम्ही अंथरायला.”

“बटणं नाही ना?”

“बटणं नाही.”

तेवढंच मिळालं. टेबल मिळालं, पण अंथरायचं. ज्या कामात तिचं डोकं पळून जातं, नेमकं तेच. पातं पलीकडच्या टेबलावरच्या कापणाऱ्याकडे गेलं. पाठीची वळणं तो जरा कोनात घ्यायचा, आणि तिला दात आवळून बघत राहावं लागायचं.

काही आठवड्यांनी तिला तिचं स्वतःचं औषध मिळालं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली, पाकिटावर तिचं नाव लिहिलं आणि म्हणाला, “ही कापायची नाही हं, ताई.” गल्लीला बातमी कळली होती तर. औषधाने पहिले दिवस नुसती मळमळ दिली. डोकं जिथल्या तिथे भिरभिरत होतं.

“सुलट,” काका म्हणाले. कापड टेबलावरून सळसळत आलं.

“उलट,” ती म्हणाली.

“सुलट.”

“उलट.”

“सुलट.”

छतावरच्या पंख्याला एक धागा अडकला होता. तो फिरत होता. कुणी टाकला असेल? एवढ्या उंचावर...

“मास्तरीणबाई,” काका म्हणाले. “हा कुठला?”

तिच्या हातात कापडाची कड होती. वीण तिरकी दिसत होती, पण खालचे थर एकाआड एक पडले होते की मधेच कुठे चुकले होते ते तिला सांगता येईना. उलट म्हणून टाकलं असतं तर बरोबर असण्याची निम्मी शक्यता होती. पलीकडे कापणारा यंत्र घेऊन ताटकळला होता, काचेआड मालक होते.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “परत घ्या.”

“कुठपासून?”

“तेही माहीत नाही. सगळंच.”

शिवणाच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला. काकांनी पलीकडची कड उचलली. “चला,” ते म्हणाले, “दोन्ही हात डावे होण्यापेक्षा हे बरं.” आणि दोघांनी दोन टोकांनी एकेक थर मागे घ्यायला सुरुवात केली.