ओल्या पडद्यामागे

आमच्या गावाने मूकपटाला वाणी दिली.

वाक्य माझे नाही. शताब्दी समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर ते सोनेरी अक्षरांत छापले होते आणि खाली समितीच्या मंडळींचे फोटो होते, त्यांतले दोघे मोबाइल कानाला लावलेले. रेवदंड्याहून खाडीने आत आले की आमचे गाव लागते. तिथे पहिला सिनेमा आला त्याला शंभर वर्षे झाली, असे समितीने ठरवले होते. कशावरून, असे मी विचारले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "सर, एखाददुसरं वर्ष इकडेतिकडे. पण शंभर म्हटलं की माणसं येतात." पंचायतीच्या निवडणुकाही त्याच सुमारास येत होत्या. ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

वाणी दिली ही गोष्ट मात्र खरी आहे. ती कोणी दिली एवढाच प्रश्न होता. माझ्या वडिलांना त्याचे उत्तर आपण जिवंत असेपर्यंत दगडावर कोरलेले पाहायचे होते.

वडील एक्याण्णव वर्षांचे. आयुष्यभर पोस्टमन होते. रेवदंड्यापासून खाडीच्या टोकापर्यंत दुसऱ्यांची पत्रे पोचवली, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना उंबऱ्याबाहेर उभे राहून वाचूनही दाखवली. आता मोतीबिंदूने त्यांचे स्वतःचे वाचणे संपले आहे. आम्ही बौद्धवाडीतले. त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या तरुणपणी तिला महारवाडा म्हणत.

वडिलांनी मला लहानपणापासून सांगितलेली हकीकत अशी. भात झोडून खळी मोकळी झाली की एक सिनेमावाला होडीतून यंत्र, दिवा आणि एक मोठे कापड घेऊन येई. त्या वर्षी तो पावसापर्यंत आमच्याच खाडीत राहिला आणि दर बाजाराच्या दिवशी अंधार पडल्यावर तोच एक सिनेमा लावू लागला. कापड खळ्याच्या मधोमध दोन बांबूंना ताणत आणि त्यावर खाडीचे पाणी मारून ते ओले करत, म्हणजे चित्र पलीकडच्या बाजूलाही दिसे. अलीकडे गाव बसे. खोतांना, म्हणजे तेव्हाच्या जमीनदारांना, खुर्ची. पलीकडे, कापडाच्या मागे, आमची माणसे बसत. सिनेमावाला दोन्हीकडून तिकीट घेई. ते सारखेच होते की नाही, हे वडिलांना माहीत नाही.

सिनेमा मुका. मधूनमधून पडद्यावर लिहिलेली पाटी येई आणि त्यावरून काय चालले आहे ते कळे, ज्याला वाचता येते त्याला. पुढच्या बाजूला वाचायचे काम खोतांकडे आले, कारण दुसऱ्या कोणी ते करणे बरे दिसले नसते. खोत सावकाश वाचत. राजा जंगलात निघाला हे त्यांचे वाचून होईपर्यंत राजा परत आलेला असे.

मागच्या बाजूला पाटी उलटी दिसे. आजोबा शाळेच्या ओट्याखाली बसून तिसरी शिकले होते. पहिल्या खेळाला त्यांना एक अक्षर लागले नाही. दुसऱ्या दिवसापासून ते सिनेमावाल्याचा जाहिरातीचा कागद उन्हात धरून पाठीमागून वाचू लागले. जाळी विणताना, गुरांना पाणी पाजताना, हा माणूस कागद उन्हाकडे धरून बसलेला. आजी म्हणे, खूळ लागलंय. पंधरा दिवसांनी ते मागच्या माणसांना पाट्या वाचून दाखवू लागले, मोठ्याने, न अडखळता, राजाचे राजाच्या आवाजात आणि राणीचे राणीच्या.

कापड पातळ असते. आवाज पुढेही गेला. दोन-तीन खेळ खोत आणि आजोबा दोघेही वाचत होते, मग एका खेळाला खोतांचा घसा बसला. तो पुन्हा सुटला नाही. त्या वर्षी पावसापर्यंत सगळ्या गावाने सिनेमा आजोबांच्या तोंडून ऐकला. समोरून कोणी वाचणाऱ्याचे नाव घेतले नाही, आणि पुढे येऊन वाच म्हणूनही कोणी बोलावले नाही. पाऊस लागला, सिनेमावाला गेला, पुन्हा आला नाही.

ही हकीकत सांगायला वडील समितीच्या बैठकीला आले. बैठक रविवारी सकाळी शाळेत होती. अध्यक्ष त्याच खोतांचे पणतू. किनाऱ्यावर त्यांचे रिसॉर्ट आहे. माणूस गोड बोलतो. वडिलांना त्यांनी स्वतः हात धरून खुर्चीवर बसवले आणि चहा मागवला. समारंभात बसवायच्या दगडी फलकाचा मसुदा तयारच होता. वाणी दिली होती त्यांच्या पणजोबांनी.

वडिलांनी सगळे सांगितले. मग एका सदस्याने त्यांना विचारले, "आजोबा, पण मागून अक्षरं उलटी दिसतात ना?"

"दिसतात," वडील म्हणाले. "म्हणून तर शिकायला लागलं."

कोणी तरी हसले. अध्यक्षांनी हसणाऱ्याकडे रागाने पाहिले, त्यांना असे आवडत नाही. मग त्यांनी अगदी आदराने विचारले की याला काही लेखी पुरावा आहे का.

"तुमच्याकडं काय हाय?" वडिलांनी विचारले.

त्यांच्याकडे फोटो होता. पणजोबा पगडी घालून उभे आणि हातात पुस्तक. पुस्तक मिटलेले होते.

पुढे बरेच बोलणे झाले. अध्यक्षांचे म्हणणे असे की आपण आता सगळे एकच आहोत, न्हावा शेव्याला एका बसने कामाला जातो, आनंदाच्या प्रसंगी पुढे कोण बसले आणि मागे कोण बसले हे उकरायला नको. मी म्हणालो की ते उकरायचे नसेल तर दोघांचीही नावे घाला. ते म्हणाले, "सर, तुम्ही तर शिकलेले. दगडावर जागा किती असते?" जागा दोन फूट बाय तीन फूट होती. तिच्यात समारंभाच्या पाहुण्यांची नावे मावत होती.

आम्ही उठणार तोच त्यांनी अडवले. फलकाच्या वरच्या अर्ध्या भागात त्या सिनेमातला एक प्रसंग कोरून घ्यायचा होता, आणि सिनेमात काय होते हे कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी गावातल्या सगळ्या जुन्या घरांत विचारले होते. खुर्चीवर कोण बसले होते, कोणाच्या चटईवर कोण बसले होते आणि त्यावरून काय झाले, हे सगळ्यांना तपशीलवार ठाऊक होते. पडद्यावर काय झाले ते नाही.

"तुम्हाला असेल आजोबा," अध्यक्ष म्हणाले.

मला वाटले, वडील काठी उचलतील आणि चालू लागतील. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. राजा भावाला राज्य देऊन जंगलात जातो. भाऊ राज्य बुडवतो. राजा परत येतो आणि नदीकाठी दोघांची तलवारीची लढाई होते. त्यांनी सगळ्या पाट्या, त्यांच्या वडिलांनी म्हटल्या तशा, आवाज बदलून म्हटल्या. समितीने नेमलेला मूर्तिकार वहीत चित्र काढत होता. लढाईशी आल्यावर वडील काठी टेकून उभे राहिले, काठी डाव्या हातात घेतली आणि राजा भावावर कसा वार करतो ते करून दाखवले.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वाडीत तो राजा नेहमी डाव्या हाताने लढतो. आम्ही लहानपणी खेळतानाही डाव्याच हाताने लढायचो, ज्याला जमायचे नाही त्याला भाऊ व्हावे लागायचे. पुढे शिक्षक झाल्यावर कुठल्याशा पुस्तकात मागून सिनेमा पाहणाऱ्यांविषयी वाचले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आजोबांनी उलटी अक्षरे सरळ केली होती, पण मागून डावा दिसणारा राजाचा हात सरळ करायचे त्यांना सुचले नव्हते. हे मी मोठ्या उत्साहाने वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "माझ्या बापानं बघितलाय तो राजा. तू बघितलायस?" त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तर त्या रविवारी शाळेत मला तोंड उघडता आले असते. मूर्तिकाराने मान वर करून विचारलेही, "डावाच हात ना?"

"डावाच," वडील म्हणाले.

मी चहा संपवला.

समारंभ सकाळी दहाला होता आणि साडेबाराला सुरू झाला. ड्रोन फिरत होता. पाहुण्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, मग भाषणे झाली. एका वक्त्याने वाणी या विषयावर चाळीस मिनिटे घेतली. पुढच्या खुर्च्या निमंत्रितांच्या होत्या. निमंत्रण आम्हालाही होते, पण आम्ही रिक्षातून पोचेपर्यंत त्या भरल्या होत्या, त्यामुळे आम्ही मागे उभे होतो. गर्दी जेवणाकडे वळल्यावर मी वडिलांना फलकापाशी नेले. ते म्हणाले, "वाच."

मी वाचले. गावाचे नाव, शंभर वर्षे, खोतांचे पूर्ण नाव, मूकपटाला वाणी देणारे, पाहुण्यांची नावे, समितीची नावे, सर्व ग्रामस्थ.

"आपलं?"

"नाही, बाबा."

त्यांनी दोन वेळा मान हलवली. सर्व ग्रामस्थ यात आपण येतो, असे मी म्हणालो, आणि म्हटल्यावर मला त्याची लाज वाटली. ते हात पुढे करून दगड चाचपू लागले. अक्षरांवर ते थांबले नाहीत. वर नदी लागली, मग भाऊ, मग राजाचा मुकुट.

"तलवार कुठल्या हातात हाय?"

"डाव्या."

"रिक्षा बोलव," ते म्हणाले.

या गोष्टीला सात महिने झाले. अध्यक्ष निवडून आले. वडील गेल्या महिन्यात गेले. फलक पंचायतीच्या दारात आहे, शाळेच्या मुलांनी पंधरा ऑगस्टला त्याला हार घातला, आणि त्यावरचा राजा डावखुरा आहे.