तिसरा भाग मोठा की चौथा

फाइनेस नामालोंबा बाई आमच्या शाळेत सहावीला गणित शिकवायच्या. माझा वर्ग शेजारीच, त्यामुळे त्यांचं वैतागणं मला शब्दन् शब्द ऐकू यायचं.

वर्गात एकशे चार पोरं. अपूर्णांकांच्या बेरजेची रीत सगळ्यांना तोंडपाठ. एका सकाळी बाईंनी सहज विचारलं, तिसरा भाग मोठा की चौथा? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, चौथा. का, तर तिनापेक्षा चार मोठे. बाईंनी खडू खिडकीबाहेर भिरकावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऊस आणला. सारखे तुकडे करा, शेजारी ठेवून बघा, मग बोला. पोरांनी तुकडे केले आणि बघायच्या आत चघळून टाकले. तिसऱ्या दिवशी बाईंनी कमरेला गुंडाळलेलं चितेंजे सोडलं आणि त्या कापडाच्या घड्या घालून तीन सारखे भाग केले, मग चार. भाग वाढले की तुकडा लहान होतो, हे पोरांना दिसलं. तेवढ्यात तियामिके नावाच्या मुलीने आपला रुमाल पुढे धरला.

"बाई, ह्याचा तिसरा भाग तुमच्या चौथ्यापेक्षा लहान आहे. मग चौथाच मोठा ना?"

बाईंनी रुमाल घेऊन चितेंजेशेजारी ठेवून पाहिला. दुपारी माझ्याबरोबर मक्याच्या पिठाचा नसिमाचा गोळा खाताना धुमसत होत्या, की बावीस वर्षं शिकवतेय, पण कशाचा भाग, हे मी एकदाही बोलले नाही. राग पोरांवर होता की स्वतःवर, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

पुढचे दोन आठवडे सहावीत फक्त घड्या चालल्या. हेडमास्तर चिकोपा येऊन म्हणाले, "बाई, बाकीचे वर्ग टक्केवारीला पोचले. तुम्हाला कापडाचं दुकान काढायचंय का?"

"सर, ह्यांना हेच कळलं नाही, तर टक्केवारी कुणाला शिकवू? भिंतीला?"

मग झोंब्याच्या शिक्षण कचेरीतून तपासनीस आले. त्यांनी विचारलं, अर्धा मोठा की तिसरा भाग? तियामिके उठून म्हणाली, "कशाचा, सर?"

साहेबांना तो उद्धटपणा वाटला. वर्ग मागे आहे आणि बेशिस्तही, असं त्यांनी लिहून ठेवलं. पुढच्या सत्रात चिकोपांनी बाईंना दुसरीवर टाकलं.

दुसरीचा वर्ग आंब्याखाली भरतो. परवा बाईंनी पोरांना सांगितलं, पाच नुसतं म्हणू नका, आणून दाखवा. कुणी दगड आणले, कुणी बिया. एकीने पाच पिल्लांसकट कोंबडी आणली. ती मोजायची की नाही, यावर तासभर भांडण चाललं, आणि कोंबडीच्या मागे धावता धावता बाई मला म्हणाल्या, "हसू नका, धरा तिला."