मागून येणारी लाट

फौजेतली पंधरा वर्षं बोटी चालवण्यात गेली आणि पेन्शनीत आल्यावर कोकणात एका मालकाची मोटरबोट धरली. गाव आमचं सांगलीपासून तासाभरावर, सगळा ऊस. सुट्टीला आलो की कोणी ना कोणी विचारायचंच, "गड्या, ती बोट आपली आपण चालती म्हणं. मग तू काय करतूस?" मी म्हणायचो, "झोपा काढतो."

बोटीवर ऑटोपायलट होता. दिशा ठरवून बटण दाबलं की सुकाणू तोच फिरवणार. समुद्र शांत असला तर त्याच्याइतकं सरळ तास माझ्या वडिलांनाही नांगरताना कधी धरता आलं नसेल. बाजूनं लाटा लागल्या की त्याला जरा सुस्त करून ठेवायचं, नाहीतर प्रत्येक लाटेला दचकून सुकाणू हलवत बसतो. पण लाट मागून आली की त्याच्यावर काडीचा भरवसा ठेवायचा नाही. बोटीची मागची बाजू उचलली जाते, तोंड वळतं आणि मग कुठं त्याला जाग येते. माणसाला ते बसल्या जागी आधीच कळतं. तेवढ्यासाठीच मी होतो.

दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरू लागला. कोणाला बोललो नाही. शांत पाण्यात मशीन चालवायचं, मी हात मांडीखाली दाबून बसायचो.

गेल्या हिवाळ्यात मालक आणि त्याच्या बायकोला घेऊन परतताना मागून लाटा सुरू झाल्या. मशीन बंद करून सुकाणू हातात घेतलं. लाट मला कळली, वेळेवर कळली, पण हात हलेपर्यंत बोट आडवी झाली होती. दोघं एकमेकांवर आदळली. मग जे जन्मात केलं नव्हतं ते केलं. वेग कमी करून सुकाणू पुन्हा मशीनकडं दिलं. कसेबसे बंदराला लागलो. मालकाला मीच सांगितलं, दुसरा माणूस बघा. त्यानं कारण विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

मिरजेच्या डॉक्टरनं हात तपासायला कागदावर चकलीसारखी गोल गोल रेघ काढायला लावली. माझी जागोजागी तुटली. गोळ्यांनी थरथर थोडी कमी होईल, म्हणाला, पण आजार जाणार नाही, वाढतच जाईल.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "बोटीवर मशीन हाय न्हवं? मग हाताचं काय एवढं?"

"तुला काय कळतंय," म्हणून मी मोकळा झालो. समजावून सांगायची ताकद नव्हती.

घरी जाताना स्कूटर तिनं चालवली, मी मागं. सांगलीत हळदीची पोती भरलेला टेम्पो आडवा आला. तिनं वळवायच्या आधीच माझं अंग वळणाकडं झुकलं. पुढच्या वळणालाही तेच.

"आवं, हलू नगा की," ती पुढं बघतच म्हणाली. "गाडी डुलतीया. नुसतं बसा."

मी हात मांडीखाली दाबला आणि नुसता बसलो.