कोटाचं दुसरं बटण

धंदा फोटो काढायचा, पण पेणच्या बाजारातल्या त्या फोटोवाल्याला माणसांच्या चेहऱ्यांत काडीचा रस नाही. टंचाईच्या काळावर वाचनालयात प्रदर्शन भरवायचं म्हणून मी खाडीकाठच्या गावांतून जुने फोटो जमवले आणि स्कॅन करायला त्याच्याकडे नेले. मिठागरातले मजूरसुद्धा कोटात दिसत होते. मी म्हणालो, "दिवस एवढे काही वाईट नसावेत."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. बोलण्याआधी तो नेहमी तसंच करतो. "व्हय तर! जरा कोटाचं दुसरं बटण बघा. सगल्यांचं पांढरं हाय. कोट एकच, आमच्या बापाचा. फोटोपुरता घालायला द्यायचा."

खरंच, प्रत्येक फोटोत तेच पांढरं बटण होतं. मला हसू आलं. मग मी शेवटचा फोटो पुढे केला, आमच्या आजोबांचा. आमच्या घराण्याच्या सुबत्तेचा एकुलता एक पुरावा. आजवर दिवाणखान्यात टांगलेला.

त्याने तो बराच वेळ पाहिला. मग कोटावर अलगद अंगठा ठेवून म्हणाला, "ह्यांचं घर खाऊनपिऊन सुखी व्हतं, नाय?"

मी "हो" म्हणालो. अंगठा उचला म्हणायचं धाडस मात्र मला झालं नाही.