चावरा नारिंगी मासा

मुलांनो, हिंगोलीत मी जिथून औषधं घेते, त्याशेजारी शोभेच्या माशांचं दुकान आहे. मालक पन्नाशीचा, गिऱ्हाइकाशी बोलतानाही त्याची नजर काचेच्या पेटीवर असते. त्या पेटीत समुद्रातला एक नारिंगी मासा आहे, अंगावर तीन पांढरे पट्टे. समुद्रफूल नावाच्या प्राण्याच्या डंख मारणाऱ्या बोटांत तो राहतो. इतर मासे तिथे मरतात, याला काही होत नाही. मी काचेला बोट लावलं की तो धावून येतो.

"आज्जी, बोट काढा. तुमी घर बळकवायला आल्या, असं वाटून राहिलं त्याला."

काल दुपारी लाईन गेली आणि पाण्यात हवा सोडणारा पंप थांबला. मासा निपचित पडला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मालक पेटीतलंच पाणी मगाने उचलून वरून ओतत राहिला. गिऱ्हाइकं आली तशी परत गेली.

"समुंदर लई दूर, आज्जी. त्याला इथं मीच आणलं. तकलीफ मलाच घ्यावी लागन."

तासाभराने लाईन आली, तरी त्याचा हात थांबला नाही. अखेर मासा उसळून त्याच्या बोटाला चावला.

"चावलं बघा!" तो हसला आणि त्याने हातातला मग खाली ठेवला.