दार उघडं ठेवणारी बाई

कॅनडातल्या ज्या गावात आम्ही राहतो, तिथे डिसेंबरात दुपारीच दिवे लावावे लागतात. नवरा कागदाच्या कारखान्यात इंजिनिअर. तो अंधारात जायचा आणि अंधारातच परत यायचा. मधला सगळा वेळ घरात मी, एक काळापांढरा टीव्ही, आणि खिडकीबाहेर बर्फाचा ढीग. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या गावात मराठी बोलणारी आम्ही दोघंच, आणि त्यातला एक मुळात बोलतच नसे. नवरा आसगावचा. त्याच्या घरी सगळे तसेच. हो म्हणायचं असलं तरी मान हलवून भागवणारे. मी सिहोऱ्याकडची. आमच्याकडे विहिरीवर पाण्याला गेलेली बाई अख्ख्या गावाची खबर घेऊनच परतते. त्या मुक्या घरात माझा जीव किती कोंडला असेल, याचा विचार तुम्हीच करा.

पहिल्याच डिसेंबरात टीव्हीवर नाताळचे सिनेमे सुरू झाले. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळे, पण ते सिनेमे समजायला भाषा लागतच नव्हती. कोणीतरी लांब गेलेलं असायचं. घरी कोणीतरी डोळे लावून बसलेलं असायचं. गाडी बर्फात अडकायची. टेबलावर ताटं मांडलेली, मेणबत्त्या वितळत चाललेल्या. आणि अगदी शेवटी दार वाजायचं, उघडायचं, टोपीवरचा बर्फ झटकत तो माणूस आत यायचा. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी मी हमसून हमसून रडायची. रडून झालं की बरं वाटायचं. पोटभर जेवल्यासारखी झोप लागायची.

नवऱ्यानं एकदा विचारलं, ''कायले पायते मंग, रडाच लागते तर?''

''मंडईच हाये ही यांची,'' मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तर तो माझ्या शेजारी येऊन बसला.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. आमच्या भंडाऱ्याकडे दिवाळी झाली, धान कापून झालं, की गावोगावी मंडई भरते. आज या गावी, उद्या त्या गावी. मिठाईची दुकानं, पाळणे, दिवसा खडी गंमत, म्हणजे ढोलकीवरचा आमच्याकडचा तमाशा, आणि रात्री नाटक. पण मंडईचं खरं काम म्हणजे पाहुणे. लेकी माहेरी येतात, नागपूर-मुंबईकडे पोटामागे गेलेले परततात. दिवाळीला नाही आलं तर चालतं. मंडईला नाही आलं तर गाव विचारतं, काय झालं म्हणून. आमच्या गावची मंडई जरा उशिराच भरायची, धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपल्यावर. तोवर चांगली थंडी पडलेली असायची.

माझी माय मंडईच्या आधीचे दिवस दारातच काढायची. तुमसरहून येणाऱ्या एस.टी.चा हॉर्न वाजला की हातातलं टाकून उठायची. एकदा पिठाच्या हातांनी रस्त्यापर्यंत धावली आणि भलत्याच घरच्या जावयाच्या हातातली पिशवी घेऊन आली. तो बिचारा मागोमाग. आमच्या ओसरीवर चहा पिऊनच त्याला जावं लागलं. गाव हसलं, मायही हसली, आणि पुढच्या हॉर्नला पुन्हा उठली.

लग्नानंतर काही वर्षांनी मी हिवाळ्यात माहेरी आले, तेव्हा दुपारी अंगणात तूर निवडता निवडता तिला ते सिनेमे सांगितले. ऐकायला मामाही असायचा. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. घर आमच्या घराला लागूनच. एरवी शेती करायचा, आणि मंडईच्या दिवसांत खडी गंमतीत बाईचं काम करायचा. आमच्याकडे गंमतीत बाया नसत, पुरुषच लुगडं नेसून उभे राहत. दिवाळी आली की मामा मिशी उतरवायचा. त्याचं आणि मायचं तोंड एकाच साच्यातलं. मिशी उतरवलेला मामा दारात उभा राहिला की लहानपणी आम्ही घाबरून ओरडायचो, कारण माय तर आत चुलीजवळ बसलेली असायची.

मायला सगळ्यात आवडला तो एका म्हातारीचा सिनेमा. म्हातारी बर्फातल्या एका घरात एकटी. लेक लांबून निघालेली, तिची गाडी वाटेत अडकलेली. म्हातारी काचेवरची वाफ पुसत राहते, पुसत राहते, आणि शेवटी दार वाजतं. माय मधे मधे थांबवायची. एवढ्या थंडीत त्यांची गुरं कुठे बांधतात? गाडी अडकली तर लेकीला जेवायला कोणी दिलं? आणि मग तिच्या मनात सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट.

''पण थे म्हातारी दार लावून काहून बसली वं? लेक येऊन राहिली ना?''

''माय, बर्फ आत येते. मरन ना थंडीनं.''

''मरू दे. घरच्या मानसाले दार ठोकाचं काम पडलं, त मंग घर कायचं थे?''

मामा खो खो हसला. ''हे त गंमतीत बसवाले पायजे,'' म्हणाला.

''आनशीन कोठून एवढा बरफ?'' मायनं त्याला झापलं. नंतर ऐकलं की तो सिनेमा मायनं विहिरीवरच्या सगळ्या बायांना सांगितला. दरवेळी शेवट सांगताना ती उभी राहायची म्हणे.

पुढे ऐंशीच्या आसपास मी मंडईला यायचं ठरवलं. मायला कळवलं. बॅगा भरल्या. आम्ही विमानतळाकडे निघालो आणि वाटेत वादळ सुरू झालं. रस्ता बंद, विमानतळ बंद. गाडीतच रात्र काढून आम्ही घरी परतलो. बर्फ ओसरला तेव्हा मंडईचा दिवस निघून गेला होता, आणि पुढच्या विमानांत जागा नव्हती. सगळे नाताळासाठी आपापल्या घरी निघाले होते, सिनेमातल्यासारखे. मला जानेवारीतली जागा मिळाली. नवऱ्यानं गावी माझ्या भावाला तार केली, बर्फात अडकली, येऊ शकत नाही.

नाताळ लागायच्या आत भावाची तार आली. माय गेली होती. सगळं आटोपलं होतं.

जानेवारीचं तिकीट मी परत केलं. कोणाकडे जायचं होतं?

त्या नाताळात मी टीव्ही लावायचा नाही असं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी लावला. म्हातारीचा सिनेमा लागलेला होता. ती काच पुसत होती. पाठमोरी, वाकलेली, डोक्यावर काळी शाल. मी तिच्याकडे बघत राहिले. मायची पाठ तशीच होती. शेवटी दार वाजलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तेव्हापासून ते घर पहिल्यासारखं राहिलं नाही. संध्याकाळी स्वयंपाक करताना दाराबाहेर कोणीतरी पाय झटकून उभं आहे असं वाटे. मी जाऊन बघे. बर्फावर पावलं नसत. पुन्हा ओट्याशी येऊन उभी राहिले की पुन्हा तसंच. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मान हलवून गप्प बसला असता, आणि मला ते सोसलं नसतं.

मला एकच गोष्ट छळत होती. मी अडकले हे तिला कळलं होतं का, की ती वाट बघत गेली? भावाला विचारलं. त्यानं कळवलं, ताप आला, शांतपणे गेली. माझा भाऊ चांगला माणूस आहे, पण त्याला खोटं बोलता येत नाही, कागदावरसुद्धा. शांतपणे हा शब्द आमच्या घरात कोणी कधी वापरला नव्हता.

पुढच्या वर्षी मंडईला मी गेले. एस.टी.तून उतरले तर रस्त्यावर कोणीच नव्हतं. घराचं दार बंद होतं. मी कडी वाजवली आणि तिथेच उभ्या उभ्या रडू कोसळलं. वहिनीनं दार उघडलं. माझ्या माहेरी मी दार वाजवून आत गेले, आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात खडी गंमत होती. मी बायांच्या बाजूला, विहिरीवरच्या एका म्हाताऱ्या काकूजवळ बसले. भाऊ समोर पुरुषांत होता. ढोलकी सुरू झाली. पटांगणाच्या मधे दोन बांबूंना कापड बांधून दार केलेलं. दोन गडी बाकावर चढले आणि सुपांतून धानाचा भुसा पाखडायला लागले. पिवळा भुसा उन्हात तरंगत खाली येत होता.

''बरफ, बरफ!'' पोरं ओरडली. आणि मला कळलं की समोर काय होणार आहे.

कापड बाजूला सारून माय आली.

मामाच होता, हे मला माहीत होतं. पण नेसलेलं लुगडं मायचं होतं, विटकरी, बारीक काठाचं. पदर कानामागे खोचलेला. चालताना डावा पाय जरा ओढत, माय ओढायची तसाच. ती दारात बसली. कोणीतरी तोंडानं एस.टी.चा हॉर्न वाजवला. ती धडपडत उठली, भुशात धावली, तोंडभर भुसा खाऊन परत आली. लोक पोट धरून हसले. गंमतीतला मुलगा आला, दार लावून गेला. हिनं उघडलं. त्यानं पुन्हा लावलं. हिनं पुन्हा उघडलं. तो म्हणे, ''माय, थंडी येऊन राहिली.'' ही म्हणे, ''येऊ दे, थंडीमांगूनच लेक येते.'' लोक हसून हसून लोळत होते. शेजारची काकू हसता हसता डोळे पुसत होती.

''तुही माय अस्सीच करे वं,'' ती माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली. ''तुही तार आली. पोरानं वाचून दाखवली. त म्हने, बरफात अडकली ना, मंग येतेच थे. सिनेमात बी अडकलेलीच येते म्हने. पोरगा रोज रात्री दार लावे, थे उठून उघडे. तिथंच बसे. छातीत थंडी भरली तिच्या. तुले नाई सांगतलं कोनी?''

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी समोर पाहिलं. माझा भाऊ मान खाली घालून बसला होता. सगळ्या पटांगणात न हसणारी आम्ही दोघंच होतो.

म्हणजे तिला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच ती बसली होती. तारेतले पुढचे शब्द, येऊ शकत नाही, ते तिनं ऐकलेच नव्हते. बर्फ तेवढा ऐकला. आणि बर्फात अडकलेल्या लेकीचं शेवटी काय होतं, ते मीच तर तिला तूर निवडता निवडता सांगितलं होतं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. त्या सिनेमांचा, हसणाऱ्या गावाचा, आणि मामाचा तर इतका, की उठून त्याच्या अंगावरचं लुगडं ओढून घ्यावं असं वाटलं. पण काकूचा हात अजून माझ्या मांडीवर होता.

गंमत शेवटाला आली. लेकीचं सोंग घेतलेला गडी मोठा कोट आणि काळा चष्मा घालून आला. दार उघडंच होतं, तो सरळ आत शिरला. मायनं वर पाहिलं. ''कोन पायजे बाई?'' लोक पुन्हा हसले. मग तिनं ओळखलं, त्याच्या कोटावरचा भुसा पदरानं झटकला. ढोलकी वाजली, लोक उठायला लागले. सगळं संपलं होतं.

मामा मात्र तिथेच उभा होता. त्यानं सोंगाच्या खांद्यावरून बायांकडे पाहिलं. माझ्याकडे. आणि हलक्या आवाजात, गंमतीतल्या त्या चिरक्या आवाजात नव्हे, मायच्या आवाजात म्हणाला,

''आली ना? मंग लाव आता दार.''

संध्याकाळी तो विहिरीवर तोंडावरचा रंग धूत होता. मी भांडायलाच गेले होते. पण त्याचं ओलं, बिनमिशीचं तोंड पाहून माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी एवढंच विचारलं, ''मामा, शेवटी थे दार लाव म्हनलं ना तुनं, थे बसवलेलं होतं का?''

''कोनतं?'' तो म्हणाला. ''मी त ढोलकी वाजल्यावर काहीच नाई बोललो, बाई.''

मी काकूला विचारलं. वहिनीला विचारलं. कोणी ऐकलं नव्हतं. ढोलकीच्या आवाजात ऐकू आलं नसेल. मामाला आठवत नसेल. मी स्वतःची अशी समजूत घालते, आणि ती नीट पटत नाही.

परत गेल्यावर त्या डिसेंबरात म्हातारीचा सिनेमा पुन्हा लागला. पुढेही दरवर्षी लागत गेला. टीव्ही रंगीत आला, म्हातारी काळीपांढरीच राहिली. पूर्वी माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण त्या सिनेमात शेवटी दार कोणी लावत नाही. लेक आत येते, गळ्यात पडते, गाणं सुरू होतं, आणि तिच्यामागे दार सताड उघडं. बर्फ आत येत राहतो आणि सिनेमा संपतो. तेवढ्यात मला खोलीतून ते शब्द ऐकू येतात. मामाच्या तोंडून की मायच्या, ते मी आता ठरवत बसत नाही.

मी उठते. आमचं दार लावलेलंच असतं, तिकडच्या थंडीत दुसरं काय करणार. मी आधी ते पूर्ण उघडते. बर्फ पायांवर येतो. नवरा शाल ओढून घेतो. डावा पाय ओढत एखादी बाई आत येईल, तेवढा वेळ मी थांबते. मग लावते.