शिवणीतली तीन बोटं

आमच्या लग्नाआधी हे तापातून नुकतेच उठलेले, अंगात नुसती हाडं. धुळ्याच्या शिंप्याने कोट अंगाबरोबर बसवला, पण शिवणीत तीन बोटं कापड राखलं. "बायकोच्या हातचं खाऊन अंग भरेल भाऊ, तेव्हा उसवून घ्या," म्हणाला. ही गोष्ट यांनीच मला हसत सांगितली होती. वर्षाच्या आत ताप उलटला आणि हे गेले.

पुढे दिराचं लग्न ठरलं. कापड भारी, म्हणून सासूबाईंनी तोच कोट दिराच्या अंगाला सैल करायला काढला. विधवेने लग्नाच्या कपड्याला टाका घालायचा नाही, उसवलेलं मात्र चालतं. असला नियम. शिवायचं काम नणंदेकडे गेलं, उसवायचं माझ्याकडे.

बाहेरचं कापड विटलेलं, आतली पट्टी कोरी निघाली. तीन बोटंच होती. तेवढंही अंग मला भरवता आलं नाही.